हसरा चेहरा दाबला, पण डोकं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी सोडताना बिलाच्या काउंटरवरच्या मुलीने टॅब पुढे केला. त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. वॉर्ड स्वच्छ होता का, कॅन्टीन कसं वाटलं, पार्किंगला जागा मिळाली का. भाऊ खाली रिक्षा थांबवून उभा, म्हणून मी सगळीकडे हसरा चेहरा दाबून मोकळी झाले. दुसरा हात काउंटरला घट्ट धरलेला होता, कारण उभं राहिलं की डोकं फुटत होतं. दवाखान्याच्या हिशेबात मी समाधानी पेशंट. ते अगदीच खोटं नाही म्हणा, टाके छान सुकले, माणसंही चांगली होती.

मला कमरेत भूल दिली होती. पहिली रात्र उलट्यांत गेली. गोव्याच्या बसमध्ये बसले की चोर्ला घाट संपेपर्यंत कॅरीबॅग तोंडाशी धरणारी बाई मी. ज्यांना बस लागते त्यांना, त्यातही बायकांना, ऑपरेशननंतर उलट्या जास्त होतात आणि आधी कळलं तर औषध देऊन ठेवता येतं. मला दमा आहे का विचारलं, दात हलतात का विचारलं. बस लागते का, हे कुणी विचारलं नाही.

डोकं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सिस्टरने कानडीत विचारलं, ‘नोवु ऐतेनु?’ म्हणजे दुखतंय का. मी म्हटलं, ‘तलेनोवु’, डोकेदुखी. तिने गोळी दिली. ती बैलहोंगलकडची, फार मायाळू मुलगी. माझं कानडी बाजारात भाव करण्यापुरतं, तिचं मराठी त्याहून कमी. उठून बसलं की मानेपासून कपाळापर्यंत दोरी आवळल्यासारखं होतं आणि आडवं पडलं की थोड्या वेळात उतरतं, एवढं सांगायला माझ्याकडे कानडी शब्द नव्हते. आणि सगळं दुखणं त्या ‘पडलं की उतरतं’ मध्येच होतं! (सीमाप्रश्नावर मला लिहायचं नाही, ते रोज छापून येतंच.)

घरी आल्यावर ‘डोकं दुखूलंय’ म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, वारं लागलंय, कानात कापूस घाल. दृष्टही काढून झाली. मागावर कांड्या भरायला बसले तर पाच मिनिटांत उठून भुईवर आडवी. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘झोपल्यावर थांबतंय काय?’ आणि परत दवाखान्यात पाठवलं.

तिथे भूलतज्ज्ञ मॅडमनी नीट समजावलं. मणक्यातल्या पाण्याभोवती एक पातळ पडदा असतो. भूल देताना सुई त्यातून जाते. सुई बारीक असली तरी कधी कधी ते भोक लवकर बुजत नाही, पाणी झिरपत राहतं आणि उठून बसलं की डोकं दुखतं. आम्ही विणकर, मला लगेच पटलं. कापडात सुईचं भोक पडलं तर आम्ही नखाने घासून धागे जवळ आणतो. इथे नख लावता येत नाही, वाट बघावी लागते. विश्रांती, भरपूर पाणी, चहा-कॉफी, गोळ्या. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. नाहीच थांबलं तर आपल्याच हातातलं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

भाची नर्सिंग शिकते. तिने मोबाइलवर पंधरा प्रश्नांची एक यादी दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2013 साली तयार केलेली, ऑपरेशननंतर माणूस खरंच किती सावरला हे मोजायला. झोप लागली का, जेवण गोड लागलं का, स्वतःचं स्वतः आटोपता येतं का, काळजी वाटते का, उदास वाटतं का. प्रत्येकाला दहा गुण, एकूण 150. घरी आलेल्या दिवसाची आठवण काढून मी गुण दिले. डॉक्टर-नर्सच्या आधाराला दहा, कामावर परतण्याला शून्य. बेरीज शंभराच्या आत आली. त्याच दिवशी टॅबवर मी हसत होते. गंमत म्हणजे या पंधरांत डोकेदुखीचा वेगळा प्रश्न नाही. ज्या चाळीस प्रश्नांच्या जुन्या यादीवरून ही छोटी केली, तिच्यात होता.

दवाखान्यांनी पार्किंगचं जरूर विचारावं. पण घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी एक फोन करावा, पेशंटच्या भाषेत. आणि डिस्चार्जच्या कागदावर मराठीत एक ओळ छापावी: बसल्यावर डोकं दुखलं आणि पडल्यावर थांबलं, तर कळवा.

परवा तपासणीला गेले तेव्हा भाचीने ते पंधरा प्रश्न उतरवलेला कागद नेला होता, डावीकडे मराठी, उजवीकडे कानडी. तो त्या बैलहोंगलच्या सिस्टरला दिला. तिने घडी घालून खिशात ठेवला. सोळावा प्रश्न खाली माझ्या अक्षरात आहे.

आपली,
एक यंत्रमाग कामगार, वडगाव, बेळगाव