आईचं देऊळ, बाबांचं देऊळ आणि मधली सायकलवाट

सिएम रीप, कंबोडिया,
रविवार, दुपार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या इकडे येण्याबद्दल फोनवर बोलताना आई म्हणाली, "तुम्ही बापलेक फिरा, मी खोलीवर थांबेन." ते वाक्य मनातून जाईना. म्हणून आज तुम्ही दोघं बरोबर आहात असं धरूनच अंगकोरच्या, म्हणजे इथल्या जुन्या देवळांच्या, जंगलातून सायकलवर फेरी मारून आले. सावली कुठे आहे, उंबरे कुठे आहेत, टेकायला जागा कुठे आहे, हे बघत बघत गेले. सगळे मिळून 30 ते 32 किलोमीटर झाले. चढ जवळजवळ नाहीच. पहाटे पावणेसहाला निघाले होते आणि साडेबाराला घरी येऊन आंघोळ करून हे लिहायला बसले आहे.

गाव संपलं की झाडं सुरू होतात. बाबा, झाडं म्हणजे काय, मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शेंडा दिसत नाही! गर्जनच्या जातीची, सरळसोट, खालच्या निम्म्या खोडाला फांदीच नाही. बीला दोन लांब पंख असतात. देठ तुटला की ती भिंगरीसारखी गरगरत खाली येते. एक माझ्या हँडलवर येऊन पडली, ती पाकिटात ठेवली आहे. जुन्या झाडांच्या बुंध्याशी जळून काळ्या झालेल्या खोबणी दिसतात. या झाडातून तेलकट राळ काढायची इथली जुनी रीत आहे. मशालींना आणि होड्यांच्या फटी बुजवायला ती वापरत.

कोवळ्या उन्हात मी स्रा स्रांगच्या काठावर पोचले. 700 मीटर लांब आणि 350 मीटर रुंद असा हा तलाव आहे. पश्चिमेच्या घाटावर दगडी सिंह आणि नाग आहेत, आणि पायऱ्या बसायला ऐसपैस. आई, तुझी पहिली विश्रांती इथे. ता प्रोम देवळाचं दार साडेसातला उघडतं, तोवर पाण्याकडे बघत बसायचं. अर्धा तास बसले तरी मला उठावंसं वाटत नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. ता प्रोम म्हणजे ज्याच्या भिंतींवर झाडांची मुळं अजगरासारखी बसली आहेत ते देऊळ, तुम्ही फोटोत पाहिलेलं आहे. सातव्या जयवर्मन या इथल्या ख्मेर राजाने ते 1186 मध्ये आपल्या आईसाठी बांधलं. तिचं नाव श्रीजयराजचूडामणी. गाभाऱ्यात प्रज्ञापारमितेची मूर्ती बसवली. प्रज्ञापारमिता म्हणजे सगळ्या बुद्धांची आई, आणि मूर्ती घडवली ती स्वतःच्या आईचं रूप मनात धरून. पुढे पाचच वर्षांनी, 1191 मध्ये, त्याने वडिलांसाठी प्रेआ खान उभारलं. तिथे लोकेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, मूर्ती वडिलांच्या रूपात. मी या दोन्ही देवळांत आधी येऊन गेले होते, पण वेगवेगळ्या दिवशी, गाडीतून. आज एका सायकलवाटेने आईकडून वडिलांकडे गेले तेव्हा कुठे हे मनात उतरलं.

ता प्रोमच्या शिलालेखात देवळाशी जोडलेल्या माणसांची मोजदाद आहे. आत राहणारेच 12,640. आई, तुला आवडेल ती गोष्ट वेगळी आहे. त्याच लेखात राज्यातल्या 102 रुग्णालयांची नोंद आहे. या रुग्णालयांचे स्वतंत्र शिलालेखही सापडले आहेत, आणि त्यांत प्रजेच्या आजारपणाने राजालाच जास्त यातना होत, अशा अर्थाचं वचन आहे. तू रात्रपाळी करून यायचीस आणि एखाद्या पेशंटचा विषय निघाला की हातातला चहा तसाच राहायचा, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

बाबा, तुमच्यासाठी बांधकाम. कोटाच्या भिंती जांभ्याच्या! आपण ज्याला जांभा म्हणतो तोच दगड, खणताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. कोरीवकाम सगळं वालुकाश्मात. कमान मात्र त्यांनी आपल्या डोक्यातली बांधली नाही. दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर मिळवल्या आहेत. त्यामुळे दालनं अरुंद राहिली, आणि वरचे दगड हलले की छप्पर बसतं. त्यात झाडांची मुळं फटींत शिरलेली. झाड काढलं तर भिंत सुटते, ठेवलं तर एक दिवस झाडासकट जाते. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं इथे कित्येक वर्षं हेच कोडं सोडवत आहेत. नृत्यशालेचं काम त्यांनी 2022 मध्ये पुरं केलं. पडलेले दगड एकेक ओळखून जागच्या जागी बसवलेले बघताना तुम्ही तासभर हलणार नाही, याची मला खात्री आहे.

तिथून पश्चिमेला अंगकोर थॉम या जुन्या राजनगरीचं विजयद्वार. आणि बाबा, या फेरीतला सगळ्यात सुंदर भाग इथे सुरू होतो. नगरीचा कोट चारी बाजूंनी 3-3 किलोमीटर, उंची 8 मीटर. आतून मातीचा भराव आहे, त्यामुळे दाराच्या बाजूने सायकल हाताने ढकलत वर नेता येते आणि मग कोटाच्या माथ्यावरूनच पायवाट जाते. एका हाताला आत नगरीतलं जंगल, दुसऱ्या हाताला खाली खंदकाचं पाणी. पूर्वेच्या कोटावरून उत्तरेला, कोपऱ्यावर वळून उत्तरेच्या दारापर्यंत, अडीच किलोमीटरमध्ये मला एक गुराखी आणि दोन सायकलवाले भेटले. बाकी पाचोळ्यावर चाक फिरल्याचा आवाज. कोपऱ्यावर एक छोटं देऊळ आहे, चारही कोपऱ्यांवर असं एकेक आहे. तिथे सायकल टेकवून पाणी प्यायले. मुळं आडवी येतात, तिथे उतरावं. घाई करण्यासारखी ही वाटच नाही.

प्रेआ खान, म्हणजे पवित्र खड्ग, उत्तरेच्या दाराबाहेर थोडं पुढे आहे. बाहेरच्या कोटावर हातांनी नाग धरून उभे असलेले 72 गरुड आहेत. आत मात्र जपून. दारामागून दार, आणि प्रत्येकाला उंबरा. आईच्या गुडघ्यांसाठी हीच खरी कसोटीची जागा. पूर्वेच्या भागात गोल खांबांची दुमजली इमारत आहे. ख्मेर बांधकामात गोल खांब क्वचितच दिसतात. तिच्यासमोर झाडांखाली सावली आहे, तिथपर्यंत मी तुला हात धरून नेईन, पुढे नाही गेलं तरी चालेल. हे वडिलांचं देऊळ बौद्ध, पण आवारात उत्तरेला शिवाचं आणि पश्चिमेला विष्णूचं स्थान ठेवलेलं आहे. बापाच्या नावाने बांधलं आणि कुणाच्याच देवाला बाहेर ठेवलं नाही, हे मला फार आवडलं.

परतीचा रस्ता नगरीच्या मधून, बायॉनच्या देवळावरून. तिथे चढ-उतार खूप, ते फेरीत नको. दक्षिणेच्या दारापाशी मात्र थांबूच. खंदकावरच्या पुलाच्या एका बाजूला 54 देव, दुसऱ्या बाजूला 54 असुर, हातात नाग धरून. समुद्रमंथन! अंगकोर वाटमध्ये हीच गोष्ट 49 मीटर लांब भिंतीवर कोरली आहे, पण त्यासाठी वेगळी सकाळ ठेवू.

मी असं योजलं आहे. आईसाठी रेमोर्क, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली छपराची गाडी. कोटाचा भाग सोडला तर ती सगळीकडे येते. आपण दोघं कोटावरून जाऊ तेवढ्या वेळात आई रस्त्याने उत्तरेच्या दाराशी पोचेल. बाबा, चाळीस मिनिटांच्या वर सीटवर बसवत नाही म्हणालात, तर एवढं सलग बसायचंच नाहीये. एवढं करूनही दमाल असं वाटलं तर बॅटरीची सायकलही भाड्याने मिळते. तीन दिवसांचं तिकीट 62 डॉलर, आणि ते 10 दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतं, म्हणून एक सकाळ फिरून दुसऱ्या दिवशी आराम करता येईल. आत्ता एप्रिलमध्ये दहा वाजताच ऊन भाजतं. तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच या.

आई, पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना गुडघ्याबद्दल विचार आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं मला सांग. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून आजच फोन करा. बी या पाकिटातच घातली आहे, पंख मोडू नयेत म्हणून पत्राच्या घडीत.

तुमची
धाकटी