अर्धा अग्नी

सोलापूर,
१० जुलै २०२५

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र एकादशीच्या आदल्या दिवशी आलं. लगेच उत्तराला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले. धर्म सुधारायला जाणाऱ्यांबद्दलचं ‘घराची डागडुजी करणारा माणूस घर सोडत नसतो’ हे तुझं वाक्य ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बरोबरच आहे की. आपण कुठं घर सोडलंय?’ तिनं सोडलेलं नाही, हे खरं. मी नास्तिक, माझं मात्र तसं नाही, आणि तरीही मी त्या घराला विटा-सिमेंट वाहायला का गेलो, हे तू विचारतो आहेस.

आई गेली तेव्हा काय झालं ते तुला कुणीतरी अर्धवट सांगितलेलं दिसतंय. गावी नेलं होतं तिला. मी गुरुजींना म्हणालो, अग्नी ताई देईल. मी देव मानत नाही, मंत्र मानत नाही; ती सगळं मानते, आणि आईची शेवटची सहा वर्षं तिनंच काढली. गुरुजी अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, ‘मानण्या न मानण्याचा प्रश्न नाही. तुम्ही मुलगा आहात.’ आपण दोघं चाळीस वर्षं धर्मावर वाद घालतोय, पण एवढ्या थोडक्यात आपल्यालाही सांगता आलं नसतं. श्रद्धा असली तर उत्तम, नसली तरी चालेल, पुरुष पाहिजे. खरं सांगू, त्या क्षणी मला हसू आलं होतं.

शेवटी काकांनी मध्यममार्ग काढला. मडकं मी घ्यायचं, अग्नी देताना ताईनं माझ्या हाताला हात लावायचा. तसं केलं. निम्मा अग्नी तिचा, निम्मा माझा. तू म्हणशील, नास्तिकानं सरळ बाजूला व्हायचं होतं. झालो असतो, तर चुलतभाऊ पुढे झाला असता आणि ताई मागे बायकांच्यात उभी राहिली असती. तत्त्व माझं, आणि त्याची किंमत तिनं मोजायची, हे मला जमलं नाही.

तेराव्याला मात्र ताईनं कुणाचं ऐकलं नाही. पुण्याहून एक बाई आल्या, ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या. प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या, आणि सगळं ताईच्या हातून करून घेत होत्या. गावात कुजबुज झाली, पण जेवायला सगळे थांबले. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होतो आणि माझी पंचाईत झाली होती. संस्कृत कळत नव्हतं तोवर ते सगळं थोतांड म्हणून झटकणं सोपं होतं. ‘जे गेले त्यांची वाट सुखाची होवो’ असं कुणी सरळ मराठीत म्हटलं की झटकणार काय? मावशी रडली. इतकी वर्षं पिंडाला हात जोडत आली होती, ते म्हणतात काय हे पहिल्यांदा कळलं म्हणून रडली. तुझी शंका मला तिथंच पटली, बरं का. सुधारणा धर्माला मोडत नाही, पुढची पन्नास वर्षं चालेल असं करून ठेवते. त्या बाईंनी त्या घरात धर्म बळकटच केला. मला ते दिसत होतं आणि तरी मी त्यांना चहा नेऊन दिला.

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट. आई १९४७ मध्ये सात वर्षांची होती. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा, १ मे ते १० मे. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून गावागावांत विहिरी आणि देवळं उघडायला लावली होती. उपोषण सुटलं, मंदिर खुलं व्हायचं ठरलं, आणि आईच्या आजोबांनी वारी बंद केली. ‘देव बाटला’ म्हणून. सनातन्यांनी विठ्ठलाचं तेज म्हणे मंत्र म्हणून घागरीत काढून घेतलं होतं, म्हणजे देवळात उरला तो नुसता दगड. आजोबा खरंच तसं मानायचे. एवढ्या एका बाबतीत ते आणि मी एकमताचे. पुढे माझी आई चाळीस वर्षं वारीला गेली. दिंडीत पुढे-मागे कोण चालतंय हे तिनं कधी विचारलं नाही, आणि घागरीची गोष्ट सांगताना पदरात तोंड लपवून हसायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडवे-उत्पातांचे, म्हणजे तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क काढले आणि मंदिर समितीनं कुठल्याही जातीचे पुजारी, बायकासुद्धा, नेमायचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आईचं म्हणणं एवढंच, ‘पुजारी बाई असू दे नाहीतर बाबा, रांग तेवढीच.’

दोन पिढ्यांत ‘देव बाटला’पासून ‘रांग तेवढीच’पर्यंत. हे मी मोजतो. तू मोजत नाहीस, कारण तुझ्या आजोबांचा हिशेब वेगळा आहे. २ मार्च १९३० ला, मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात, नाशिकच्या काळारामाच्या दारात ते उभे होते. त्या रामनवमीला दगड खाल्ले. वर्षामागून वर्षं सत्याग्रह चालला आणि दार उघडलं नाही. मग १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि आजोबा १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेले. एकोणीसशे तीसला दार उघडलं असतं तर तुमच्या घरी कुठला फोटो असता, हा प्रश्न मी तुला कॉलेजात विचारला होता आणि तू दोन दिवस बोलला नव्हतास. मूर्ख प्रश्न होता. दार उघडण्याची वाट किती दिवस बघायची, हे ठरवण्याचा अधिकार रांगेत उभ्या असलेल्याचा; आत बसून ‘हळूहळू होईल’ म्हणणाऱ्याचा नाही. माझ्यासारख्या, ज्याला आत जायचंच नाही आणि कुणी अडवणारही नाही, त्याचा तर मुळीच नाही.

आणि होतही नाही रे ते हळूहळू. आंबा पिकतो तसं काही धर्मात पिकत नाही. पंढरपूरला उपोषण लागलं, त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा आला. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून दाभोलकर आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती कितीतरी वर्षं आधी आंदोलन करून कोर्टात गेले होते. त्याचं फळ पाहायला दाभोलकर उरले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालय बोललं आणि पाडव्याला विश्वस्तांनी चौथरा बायकांना मोकळा केला. देव न मानणाऱ्यानं, ज्यांना देव हवा आहे त्यांच्यासाठी भांडायचं, हे तुला विचित्र वाटतं. मला वाटत नाही. गावची विहीर उघडायला स्वतःला तहान लागलेली असावी लागत नाही.

मला राग येतो तो नंतरचा. ढकलून उघडलेलं दार धर्म पुढे स्वतःच्या मोठेपणात जमा करतो. पंढरपूरला देवळाच्या महाद्वाराशी चोखोबाची समाधी आहे बघ. जिवंतपणी ज्याला त्या दाराच्या पुढे येऊ दिलं नाही, त्याच्यासमोर माथा टेकून आता लोक आत जातात, आणि ‘बघा आमचा संप्रदाय किती उदार’ असंही सांगतात. तिथं कुणीतरी एक पाटी लावावी, तो बाहेर का आहे याची. आईला एकदा हे बोललो होतो. ती म्हणाली, ‘मी त्याच्या पाया आधी पडते आणि विठोबाच्या मागून, तुझ्या पाटीचं काय घेऊन बसलास.’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

बाकी, ताईनं डोक्यात घेतलंय की आपणही पौरोहित्य शिकायचं. एकसष्टाव्या वर्षी! संस्कृत शब्दरूपं पाठ करताना स्वयंपाकघरात भाजी लागते. पुण्याच्या वर्गाला एकटीनं जायला घाबरते, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी सोबत जातो. ती आत, मी बाहेर पायरीवर पेपर वाचत. परवा तिथला शिपाई म्हणाला, ‘काका, बाहेर कशाला, आत या की.’ म्हटलं, नको, इथंच बरं आहे.

ताईचा तुला निरोप आहे. चैत्रात आईचं वर्षश्राद्ध ती स्वतः सांगणार आहे आणि तू यायचं आहेस. विधी संपेपर्यंत माझ्याबरोबर ओट्यावर बस. जेवताना मात्र आजोबांची रामनवमीची हकिकत सगळ्यांना सांगायची आहे, अंगावरच्या त्या दगडाच्या खुणेसकट. काकाही असतील पंगतीला. त्यांच्या शेजारीच तुझं पान मांडायला सांगतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश