इथे आपणच रद्दीवाले

ड्रेस्डेन, जर्मनी

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विचारत होतीस, "तिथे रद्दीवाला येतो का गं?" नाही येत. इथे आपणच रद्दीवाले!

इमारतीच्या मागे चार डबे आहेत. निळा कागदाचा, पिवळा प्लॅस्टिक-पत्र्याच्या वेष्टनांचा, तपकिरी ओल्याचा, उरलंसुरलं काळ्यात. काच मात्र नाक्यावरच्या टाक्यांत, तीही रंगाप्रमाणे निवडून. निळी बाटली हिरवीच्या टाकीत जाते, हे शेजारच्या आजींकडून कळलं. एका रविवारी बरण्या घेऊन निघाले, तर त्यांनी जिन्यातच अडवलं. रविवारी खळखळाट चालत नाही म्हणे.

खरी गंमत बाटल्यांची. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की बिलात 25 सेंट जादा लागतात, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. याला 'फान्ट' म्हणतात, 2003 पासून चालू आहे. रिकामी बाटली दुकानातल्या मशिनच्या भोकात ठेवायची. ते ती गरागरा फिरवून तिच्यावरच्या रेघा वाचतं आणि चिठ्ठी देतं. ती काउंटरवर दिली की पैसे परत.

पहिल्या खेपेला माझी फजिती झाली. गाडीत पाणी संपलं आणि मी सवयीने बाटली चुरगाळली. तूच शिकवलंस ना, नाहीतर कुणीतरी भरून परत विकेल! मशिनने ती थुंकावी तशी बाहेर टाकली. मागे रांग, आणि मी फुग्यासारखी बाटलीत फुंकर मारत उभी. तिसऱ्यांदा घेतली बाई.

स्टेशनवर लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, बाजूला उभी करून ठेवतात. ती गोळा करणाऱ्याला, बऱ्याचदा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, आत हात घालावा लागू नये म्हणून. ते बघितलं की आपल्याकडे दारावर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी आठवतात. त्यांना तू डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्यायचीस.

पण फार कौतुकही नको. इथे एकेक काकडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते. पिवळ्या डब्यात टाकायची माझ्या एकटीची पिशवी आठवड्यात भरते. तुझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात अजून हिंगच असेल.

मेतकूट पाठवशील तेव्हा डबा तुझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांध. ओटा पुसायला तसं कापड इथे मिळत नाही.

तुझी,
मनू