संशोधनाची संमती वेगळ्या कागदावर घ्या

मा. संपादक,

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य हमखास सापडते: ‘काढलेला भाग शिक्षण व संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही.’ त्यासाठी वेगळी सही नसते. भूल आणि रक्तस्रावाच्या धोक्याला दिलेला होकारच इथेही चालवून घेतात. याला संमती म्हणणे कठीण आहे.

‘उरलेला तुकडा टाकूनच द्यायचा होता’ हा नेहमीचा बचाव. निदानासाठीचा तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणारे रसायन), नंतर पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात जातो. फॉर्मालिनने पेशी मरतात. डीएनएचे तुकडे होतात, तरी तो त्या ठोकळ्यातून अनेक वर्षांनीही काढता येतो. पेशी जिवंत वाढवायच्या तर ताजा तुकडा निर्जंतुक पोषक द्रावणात, थंड ठेवून, तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. म्हणजे ते आधीच ठरलेले असते, मग विचारायलाही वेळ होताच. त्यातही पहिला हक्क निदानाचा. पॅथॉलॉजिस्टने कडा तपासण्याआधीच कोणी गाठीचा तुकडा कापून नेला, तर गाठ पूर्ण निघाली की नाही हे खात्रीने सांगता येत नाही.

१९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. संमतिपत्र तयार करणाऱ्यांनी मात्र जॉन मूर यांचा खटला वाचावा. ल्युकेमियासाठी १९७६ मध्ये त्यांची प्लीहा काढली. तिच्यातील पेशींपासून तयार केलेल्या पेशीमालिकेचे (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशींचे) पेटंट १९८४ मध्ये मिळाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये पेशींवरील त्यांचा मालकीहक्काचा दावा फेटाळला, पण डॉक्टरने आपला संशोधनातला आणि पैशाचा हितसंबंध रुग्णाला आधी सांगायलाच हवा, असे बजावले. तो हितसंबंध सांगणारी ओळ आजही अनेक संमतिपत्रांत नसते.

वेगळ्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे. फक्त याच अभ्यासासाठी की पुढच्या कोणत्याही? संपूर्ण जनुकक्रम (डीएनएमधील अक्षरांचा पूर्ण क्रम) वाचायचा का? कायम वाढत राहणारी पेशीमालिका करायची का? नमुना कंपनीला द्यायचा का? प्रकृतीशी संबंधित काही आढळले तर कळवायचे का?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो संमती मागे घेण्यावरून. नमुन्यावर सांकेतिक क्रमांक असेल आणि नावांची यादी वेगळी कुलूपबंद असेल, तर कुपी शोधून नष्ट करता येते. ओळख कायमची पुसली असेल तर कोणती कुपी कोणाची हेच कळत नाही. मग ती नष्टही करता येत नाही आणि धोक्याची सूचनाही देता येत नाही. पूर्ण निनावीपणा रुग्णाच्या हिताचाच असतो, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. जनुकक्रम प्रसिद्ध झाला की तर नाव पुसूनही भागत नाही, कारण त्यावरूनही माणूस आणि त्याचे नातेवाईक ओळखता येऊ शकतात: २०१३ मध्ये हेला पेशींचा (हेन्रिएटा लॅक्स यांच्या त्याच पेशी) जनुकक्रम कुटुंबाला न विचारता खुला केला गेला आणि आक्षेपांनंतर मागे घ्यावा लागला. प्रसिद्ध झालेली माहिती आणि इतर प्रयोगशाळांत पोहोचलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, हे सही घेण्याआधी स्पष्ट सांगावे.

ही सही शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ, गुंगीचे औषध दिल्यावर घेऊ नये. आणि ज्याला त्या पेशी हव्या आहेत, त्यानेच ती मागू नये.

— पॅथॉलॉजी विभागात काम करणारे काही वाचक