तू श्वास घेतलास म्हणून काही बिघडलं नाही

लॉस एंजेलिस,
रविवार, रात्री

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आजी म्हणाली, "पोरगं म्हणतंय, मी हललो म्हणून लिव्हरचा फोटो बिघडला आणि आई चिडली." तेव्हापासून जिवाला चैन नाही. मराठी वाचताना अडलास तर आजीकडून वाचून घे.

चिडले होते, हे खरं आहे. पहिल्या एमआरआय तपासणीला मी काचेपलीकडे उभी होते. तुझ्या पोटावर ती जाड पट्टी, कानांवर हेडफोन आणि मशीनची ठकठक. "श्वास सोड, आता धरून ठेव." २० सेकंद. बाराव्या-तेराव्या सेकंदाला पट्टी हळूच वर उचलली जायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पाचव्या वेळी तुझे डोळे भरले होते, आणि गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "एवढंही जमलं नाही?" हे मी बोलायला नको होतं, बाळा. श्वास बाहेर सोडून २० सेकंद थांबताना मोठ्यांचीही दमछाक होते. तू तर ११ वर्षांचा.

आता ते मशीन काय मोजत होतं ते सांगते. लिव्हरमधल्या पाण्यात हायड्रोजन असतो, चरबीतही असतो. चुंबकात दोन्ही गिरक्या घेतात, पण चरबीतला जरा मागे पडतो. आजीच्या सोप्यातला झोपाळा आठव. दोघांनी एकाच दिशेने ढकलला की झोका उंच जातो, समोरासमोरून ढकलला की अडतो. पाणी आणि चरबी यांचंही तसंच: क्षणात जुळतात, क्षणात एकमेकांना अडवतात. मशीन सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबाने पाच-सहा वेळा कान देतं आणि त्या चढउतारावरून शंभरात चरबी किती ते काढतं. मूळ युक्ती डिक्सन नावाच्या शास्त्रज्ञाची, १९८४ सालची. आकडा साधारण ५ टक्क्यांच्या वर गेला की लिव्हरवर चरबी आहे असं धरतात.

घोळ होतो तो माहिती भरण्याच्या पद्धतीत. वहीत ओळीखाली ओळ लिहावी तशी ती भरली जाते. मधेच पोट हललं की ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून त्या दिवशी पडद्यावर तुझ्या लिव्हरची कड एकीखाली एक चार वेळा उमटली होती.

दुसऱ्या वेळी माहिती सायकलच्या आऱ्यांसारखी घेतली. प्रत्येक आरी मधूनच जाते, म्हणजे मधला भाग शेकडो वेळा मोजला जातो. एखादा श्वास आला-गेला तरी तो सरासरीत मिसळून जातो. शिवाय त्या मधल्या भागाचं मोजमापच श्वासाबरोबर वरखाली होतं, त्यामुळे पोट कधी शांत होतं ते मशीनला आपोआप कळतं. आपल्याच शहरात, यूसीएलए विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ साली हे मुलांवर करून दाखवलं, निरोगी मुलांवर आणि लिव्हरवर चरबी असलेल्यांवरही. मुलांना कोणी 'श्वास धर' म्हटलं नाही. मला वाटतं, मुलांची तपासणी सुरुवातीपासून अशीच व्हायला हवी होती. किती लहानग्यांना नुसतं हलू नये म्हणून भूल देतात!

तू तर चक्क झोपलास. आकडा आला ११ टक्के. लिव्हरला सूज आहे की नाही हे त्यातून कळत नाही, त्यासाठी रक्त तपासत राहू. पण चरबी वाढतेय की उतरतेय हे बघायला दर वेळी सुई घालून तुकडा काढायला नको. तो तुकडा तरी केवढा? अख्ख्या लिव्हरच्या साधारण ५०,०००व्या भागाएवढा.

आजीला सांग, कोकम सरबतात साखर नको, मीठ-जिरं घालून दे. संध्याकाळी पोरांबरोबर मैदानावर जात जा. सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजायचंय. वेळ घेताना मी आधीच विचारून ठेवलंय, श्वास धरावा न लागणारी तीच तपासणी करणार आहेत.

तुझी,
आई