स्पर्धक कंपनीच्या औषधाला नावं ठेवणं थांबवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

औषध कंपन्या डॉक्टरांना गिफ्ट देतात, फॉरेन टूर घडवतात यावर पेपरात बरंच छापून येतं आणि यायलाच पाहिजे, पण मार्च २०२४ मधे केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने औषधांच्या मार्केटिंगसाठी यूसीपीएमपी नावाची जी नवी आचारसंहिता आणली तिच्यात आणखी एक कलम आहे ज्याबद्दल कुणी फारसं बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. दुसऱ्या कंपनीची किंवा तिच्या औषधांची सरळ वा आडून बदनामी करायची नाही, आणि तुलना करताना त्या कंपनीची आधी संमती घेतल्याशिवाय तिच्या ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट ह्या पट्ट्यात एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी, म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, आणि मला हे कलम गिफ्टच्या कलमाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आमच्या लाईनमधे ही गोष्ट कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून पाळली जायची. दवाखान्यात आधी पेशंट, मग एमआर, आणि एमआरमधे जो आधी आला त्याचा नंबर आधी. पण एखादा आउटस्टेशनला आलेला असेल आणि त्याची परतीची एसटी चुकणार असं दिसलं तर लोकल पोरं आपणहून त्याला पुढे सोडायची, मग तो आपल्याच मॉलिक्युलचा, म्हणजे त्याच मूळ औषधाचा, दुसरा ब्रँड विकणारा का असेना. आत कुणाचं डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांना औषध समजावून सांगणं, चालू असेल तर दारात कान लावून उभं राहायचं नाही. नवीन पोरगा जॉइन झाला की कुठल्या डॉक्टरांना दुपारी गेलेलं चालत नाही, कार्ड कंपाउंडरकडे कधी द्यायचं, कुठला लॉज बरा आहे हे त्याला स्पर्धक कंपनीचेच जुने एमआर सांगायचे. एकाची गाडी बंद पडली की दुसऱ्याच्या मागे बसून दोघं त्याच ओपीडीला जायचे, आणि आत गेल्यावर मात्र दोघंही आपापला ब्रँड जीव तोडून मांडायचे. त्यात कुणाचा सेल कमी झाला असं मला तरी आठवत नाही. केमिस्टकडे आरसीपीएला, म्हणजे कुठला ब्रँड किती खपतो ते बघायला, गेल्यावर काउंटरवरच्या दुसऱ्याच्या स्ट्रिपा मागे सरकवणं, "तो माल आता येत नाही" अशी पुडी सोडणं, असं करणाऱ्याला बाकीचे जवळ करायचे नाहीत.

आता भेटायला येणारी तरुण पोरं वेगळंच सांगतात. मॅनेजर जॉइंट वर्किंगला, म्हणजे एमआरसोबत फिरायला, येतो आणि दवाखान्याबाहेर गाडी लावता लावता म्हणतो की अमक्या ब्रँडच्या कम्प्लेंट येतायत असं डॉक्टरांच्या कानावर घाल. कसल्या कम्प्लेंट, कुणाच्या, कुठल्या बॅचच्या, काही नाही, महिनाअखेरीचं टार्गेट तेवढं गाठायचं असतं. पोरांचा मला राग येत नाही, घरचे हप्ते असतात, नकार दिला तर ट्रान्स्फर ठरलेली. राग येतो तो हे वरून सांगणाऱ्यांचा.

ह्यात अज्ञान किती आहे तेही बघा. आपल्याकडे एकाच मॉलिक्युलचे ढिगाने ब्रँड आहेत, पॅन्टोप्राझोल घ्या, टेल्मिसार्टन घ्या, आणि ह्यातला पुष्कळ माल कंपन्या स्वतः बनवतच नाहीत, हिमाचलात बद्दीला वगैरे दुसऱ्याच्या कारखान्यात थर्ड पार्टीवर बनवून घेतात. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असं दिसतं. त्यामुळे ज्या गोळीला हा पोरगा नावं ठेवतोय ती त्याच्या बॅगेतल्या गोळीच्याच कारखान्यात तयार झालेली असू शकते.

आणि खरोखर दोष असेल तर? तर तो सांगायलाच हवा, त्यात स्पर्धकाची भीडभाड ठेवायचं कारण नाही, पण त्याची जागा डॉक्टरची केबिन नाही. मालाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर बॅच नंबरसकट अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, औषधाने त्रास झाला असेल तर सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, तिथे डॉक्टरच काय पेशंटसुद्धा कळवू शकतो. तिथे कळवलं की निदान तपासाला जागा राहते. कानात कुजबुजलेल्या गोष्टीचा तपास कोण करणार?

शेवटी भोगतो पेशंट. बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या म्हातारीला अचानक ब्रँड बदलून मिळतो, रंग वेगळा, पाकीट वेगळं, आणि जुन्या गोळीत काहीतरी खराबी होती असं तिच्या कानावर पडतं, मग ती नवीनवरही विश्वास ठेवत नाही, किंवा घरात उरलेली जुनी आणि ही नवी अशा दोन्ही घेते. दोन्हींत औषध एकच आहे हे तिला कोण सांगणार.

ही संहिता अजून कायदा नाही. अशी संहिता कायद्याने बंधनकारक करा म्हणून सुप्रीम कोर्टात कोण गेलं, तर एमआर लोकांचीच देशपातळीवरची संघटना, एफएमआरएआय. म्हणजे रस्त्यावर फिरणाऱ्यालाच नियम हवाय. नव्या संहितेप्रमाणे दर आर्थिक वर्ष संपल्यावर कंपनीच्या प्रमुखाला आम्ही संहिता पाळतो असं स्वघोषणापत्र द्यावं लागतं. त्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी आपले मॅनेजर फील्डवर काय सांगतात ते एकदा विचारावं, आणि नव्या पोरांच्या ट्रेनिंगमधे प्रॉडक्ट आणि अ‍ॅनाटॉमीसोबत हे कलमही शिकवावं एवढी माझी मागणी आहे. डॉक्टरांनाही विनंती आहे, समोरचा दुसऱ्याच्या ब्रँडबद्दल वाईट बोलायला लागला की त्याला तिथेच थांबवा आणि तेच कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आणायला सांगा.

आपला,
एक निवृत्त एमआर, सोलापूर