तात्यांची पावसाची वही

आदरणीय तात्या,
सादर नमस्कार.

तुम्ही आमच्या सातवीच्या वर्गात येऊन गेलात, त्याचे आभार तोंडी मानले होते, पण मनाचं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र.

हवामान बदलाचा पाठ मी दरवर्षी शिकवते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, सगळी नावं पोरांना तोंडपाठ असतात. २०२५च्या सप्टेंबरात मांजरा नदीचं पाणी शिवारात शिरलं, तेव्हा हीच पोरं घरी अडकून होती. तो पूर आणि हा पाठ यांचा काही संबंध असेल, असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

तुम्ही दोन पुरचुंड्या सोडल्यात. एकीत वरच्या वावरातली काळी माती, दुसरीत नदीकाठच्या खरडून गेलेल्या वावरातला मुरूम. "सोयाबीन पुढल्या साली येईल. ही काळी नाही येत," एवढंच बोललात. पोरं किती तरी वेळ ती माती बोटांनी चोळत होती. स्वतःचं नुकसान असं पोरांपुढे मांडणं सोपं नव्हतं, तात्या. मला त्याची जाण आहे.

मग वही निघाली. नक्षत्र, तारीख आणि पुढे 'ओल चार बोटं', 'ओल वीतभर'. मृगाची पानंच्या पानं कोरडी, दुबार पेरणीची नोंद, आणि एकाच रात्रीत नाला फुटल्याची. एका पोरीनं विचारलं, "पाऊस एवढा पडतो, मग दुष्काळ कसा?" त्यावर आम्ही फळ्यावर गणित मांडलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढा पाऊस दोन एकरांवर पडला, तर सव्वापाच लाख लिटर होतात! एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. एवढं पाणी एका दिवसात येऊन वाहून जातं आणि पुढे कोरडं पडतं, हे दिसलं आणि वर्ग एकदम शांत झाला. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे वाक्य मी किती वर्षं सांगत आले. ते त्या दिवशी पोरांना कळलं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे ऋण मानते. "एका सालावरून काही ठरवू नका, मागली पानं बघा," असं तुम्ही बजावलंत. हवामानशास्त्रातही सरासरीसाठी ३० वर्षांच्या नोंदी घेतात. तुम्ही ते कुठं न वाचता करत आलात.

आता शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय. रोज सकाळी साडेआठला पोरं नोंद घेतात आणि मिलिमीटरच्या शेजारी ओल किती बोटं, तेही लिहितात. त्यासाठी मैदानाच्या कडेला खुरप्यानं उकरून बघतात.

वही या पत्रासोबत पाठवतेय. कोपरे फाटले होते, म्हणून पोरांनी न विचारता खाकी कव्हर घातलंय. राग मानू नका.

आपली,
सातवीच्या बाई